फाइल पुसू नका

पत्र थोडक्यात असं आहे: "आम्ही बारा मित्र फोर बाय फोर गाड्या घेऊन डोंगरातल्या कच्च्या वाटांवर जातो. तिथं मोबाइलला रेंज नसते, म्हणून मी माझ्या नावाने ऑनलाइन बारा व्हीएचएफ (अतिउच्च फ्रिक्वेन्सीचे) वॉकीटॉकी मागवले. वेबसाइटवर परवान्याचा शब्दही नव्हता. केबल लावून लॅपटॉपवरून मीच सगळे प्रोग्राम केले. मित्रांकडून संचाची किंमत आणि वर मेहनतीचे थोडे पैसे घेतले. ऐकायला म्हणून काही सरकारी चॅनलही टाकले, पण त्यांवर बोलता येणार नाही अशी सेटिंग ठेवली. गेल्या महिन्यात एका मित्राचं बोलणं त्यातल्याच एका चॅनलवर गेलं. त्याचा संच जप्त झाला आणि 'प्रोग्रामिंग याने केलं' म्हणून त्याने माझं नाव सांगितलं. आता व्हॉट्सअ‍ॅपवर पोलिसांची नोटीस आली आहे, तिच्यात वायरलेस टेलिग्राफी कायद्याची कलमं ३ आणि ६ आहेत. दोन संच अजून माझ्या कपाटात आहेत. मित्र म्हणतात, लॅपटॉप फॉरमॅट कर आणि संच नदीत फेक. काय करू?"

दोन्ही करू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, पण एवढं आजच ऐका.

भारतीय न्याय संहितेत पुरावा नाहीसा करण्यासाठी कलम २३८ आहे आणि पुरावा म्हणून लागू शकणारी कागदपत्रं किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करण्यासाठी कलम २४१. आज तुमच्यावर ज्याचा संशय आहे त्यावर तुमच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. नोटीस हातात पडल्यावर फॉरमॅट केलेल्या लॅपटॉपबद्दल बोलण्यासारखं काहीच उरत नाही. तीस वर्षांच्या वकिलीत मूळ गुन्ह्यातून सुटू शकले असते असे अशील त्यानंतरच्या रात्री केलेल्या उद्योगांमुळे अडकलेले मी पाहिले आहेत.

शिवाय लॅपटॉपवरची ती प्रोग्रामिंगची फाइल तुमच्या कामाची आहे. तुम्ही सेटिंग केली म्हणता ती मी समजून घेतली (माझा भाचा हौशी रेडिओवाला आहे, त्याने टेबलावर संच ठेवून मला शिकवलं). संच प्रोग्राम करायच्या चर्पसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चॅनलच्या ओळीत 'डुप्लेक्स' असा रकाना असतो, त्यात 'ऑफ' निवडलं की तो चॅनल फक्त ऐकू येतो, बटण दाबलं तरी पाठवणं होत नाही. पण ही बंदी त्या साठवलेल्या चॅनलपुरती असते. संच चॅनल मोडमधून फ्रिक्वेन्सी मोडमध्ये नेला आणि कीपॅडवरून तोच आकडा टाकला, की लॅपटॉप नको, केबल नको, तुम्ही नको; संच बोलायला मोकळा. तुमच्या मित्राने बहुधा हेच केलं असावं, जाणूनबुजून किंवा बटणं चाळवताना.

म्हणजे त्या दिवशी हवेत गेलेलं बोलणं तुमच्या प्रोग्रामिंगमुळे गेलं की मित्राच्या बोटामुळे, हे ठरवायला दोन गोष्टी शेजारी ठेवाव्या लागतील. एक तुमच्या लॅपटॉपवरची मूळ फाइल, तिच्या तारखेसकट. दुसरी जप्त संचाच्या मेमरीतून वाचलेली प्रत. पहिली तुम्हीच पुसलीत तर तुलना कशाशी करणार? ही फाइल दुधारी आहे हे मला कळतं. सरकारी चॅनलांची यादी तुम्ही हाताने भरली, हेही तिच्यातच लिहिलेलं आहे. तरीही ती ठेवा. यादी मित्राच्या संचातून तशीही निघणार आहे. 'ऑफ' मात्र तुम्ही, तुमच्या हाताने, त्या घटनेच्या आधी लिहिलं होतं हे तारखेसह फक्त तुमच्याकडची फाइल दाखवू शकते.

आता कडू भाग. तुमच्या पत्राचा सूर असा आहे की मी फक्त प्रोग्राम केले, बोललो नाही, म्हणून मी सुटलो. तसं नाही. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याचं कलम ३ तुम्ही काय बोललात हे विचारतच नाही. परवान्याशिवाय बिनतारी उपकरण जवळ बाळगायचं नाही, एवढंच ते सांगतं. आणि 'ट्रान्समीटर' कशाला म्हणायचं तर संदेश पाठवण्यासाठी वापरलेलं किंवा वापरता येण्याजोगं कोणतंही उपकरण. 'वापरता येण्याजोगं' या दोन शब्दांत तुमची 'ऑफ'ची सेटिंग वाहून जाते. कपाटात बॅटरी काढून पडलेला संचही त्यात येतो. नुसतं ऐकायचं उपकरण असतं तर पहिल्या वेळी १०० रुपयांपर्यंत दंड होता. ट्रान्समीटर असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाच्या आकड्यावर हसू नका, कैदेचा आकडा हलका नाही. ताब्याबद्दलही कलम ६ न्यायालयाला गृहीत धरायची मुभा देतं: वस्तू तुमच्या देखत्या ताब्यात असेल किंवा तुमचं नियंत्रण असलेल्या जागेत असेल, तर ती तुमचीच असं मानता येतं. कपाट तुमचं आहे.

हे सगळं तपासताना तारखा मांडून घ्या. २०२३ चा दूरसंचार कायदा जुने कायदे बाजूला सारण्यासाठी आला आणि तो टप्प्याटप्प्याने अमलात आणला गेला. संच मागवले तो दिवस, प्रोग्राम केले तो दिवस आणि जप्तीचा दिवस वेगवेगळे आहेत. ज्या कृत्याचा आरोप असेल त्या कृत्याच्या दिवशी कोणतं कलम लागू होतं, हा तुमच्या वकिलाचा पहिला प्रश्न असला पाहिजे. चुकीच्या कायद्याखाली लावलेलं कलम हा किरकोळ मुद्दा नसतो.

मला खरी काळजी वाटते ती प्रोग्रामिंगची नाही, पावतीची. बारा संच तुमच्या एकट्याच्या नावावर आले, तुम्ही ते वाटले आणि वर पैसे घेतले. तपास अधिकाऱ्याला याचं वर्णन 'मित्रांसाठी एकत्र खरेदी' असं करायचं की 'विनापरवाना विक्री', हे तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे जुने मेसेज ठरवतील. रेडिओ उपकरणांचा धंदा करणाऱ्याला डीलर म्हणून वेगळा ताबा-परवाना लागतो. एकदाच, ठरावीक लोकांसाठी, खर्च वाटून घेतला असेल तर तो धंदा नव्हे असं ठामपणे मांडता येईल. पण 'नवीन माल येतोय, कुणाला हवाय' असा एखादा मेसेज तुम्ही टाकला असेल तर तुमच्या वकिलाला तो आधी दाखवा. डिलीट करू नका. ग्रुपमधून बाहेर पडू नका, आणि मित्राला 'जबाब बदल' असं तर चुकूनही लिहू नका.

नोटिशीबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेली हजर राहण्याची नोटीस ही रीतसर बजावणी नव्हे. पोलिसांनी तशा नोटिसा देऊ नयेत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आहे. म्हणून काय, फोन बंद करून बसायचं? अजिबात नाही. वकिलामार्फत लेखी कळवा की तुम्ही सहकार्याला तयार आहात आणि नोटीस रीतसर मिळावी. आणि ती नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ३५(३) ची आहे की १७९ ची, हे नीट वाचा. १७९ म्हणजे तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलंय. ३५(३) म्हणजे तुम्ही संशयित आहात, पण सध्या अटकेची गरज वाटत नाही. या दुसऱ्या नोटिशीप्रमाणे तुम्ही हजर राहत गेलात तर अटक करायला पोलिसांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. गैरहजर राहिलात तर ते संरक्षण तुम्हीच फेकून दिलं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून पक्कं आहे.

तरीही अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवा, त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली. 'तीन वर्षांपर्यंत' शिक्षा म्हणजे जामीनपात्र, असं तुम्हाला कुणी सांगेल. कॉपीराइट कायद्यातल्या साधारण अशाच शब्दांवर सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये उलटा निर्णय दिला: दखलपात्र आणि अजामीनपात्र. सरकारी वकील तोच निकाल तुमच्या प्रकरणात वाचून दाखवणार, हे गृहीत धरा.

ठाण्यात काय बोलायचं? नाव, पत्ता, आणि विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर, जिथे ते तुम्हाला अडकवत नसेल तिथे. जिथे अडकवतं तिथे गप्प राहायचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) ने दिला आहे. तपासात घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते. आग्रह झाला तर नम्रपणे त्याच संहितेच्या कलम १८१ ची आठवण करून द्या. आणि रेडिओचं शास्त्र शिकवायला बसू नका. तुमच्यासारख्या जाणकार माणसांची ही खोड असते. समोरच्याला टोन आणि चॅनलमधला फरक समजावता समजावता तुम्ही चार वाक्यं अशी बोलून जाता जी पुढे वेगळ्याच अर्थाने वाचली जातात.

लॅपटॉप मागितला तर द्या, पण लेखी मागणीवर आणि पंचनाम्यावर. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता त्याच संहितेच्या कलम १०५ खाली बंधनकारक आहे. डिस्कची हॅश व्हॅल्यू (डेटावरून काढलेला, डेटा जरा बदलला तरी बदलणारा आकडा) पंचनाम्यात लिहून घ्या. पुढे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश असतेच. ती जप्तीच्या दिवशीची असली तर मध्ये कुणी फाइल चाळली का हे कळतं. मित्राच्या संचाबाबतही वकिलामार्फत लगेच अर्ज द्या: संच रीसेट करू नये, मेमरी तज्ज्ञाने वाचावी, आणि जप्तीच्या वेळी तो कोणत्या मोडमध्ये होता, पडद्यावर काय दिसत होतं हे पंचनाम्यात आहे का ते सांगावं. पंचनाम्यात नुसतं 'एक काळ्या रंगाचा वॉकीटॉकी' एवढंच असेल, आणि बहुतेक वेळा एवढंच असतं, तर ते तुमच्या पथ्यावर पडेल.

कपाटातले दोन संच. विकू नका, कुणाकडे ठेवायला देऊ नका, नदीत तर नाहीच. देणारा आणि घेणारा दोघंही अडकतील. बॅटऱ्या वेगळ्या करा, मॉडेल आणि अनुक्रमांकासह फोटो काढा आणि वकिलासोबत, यादी जोडून, लेखी अर्जाने जमा करा. पोच घ्या. स्वतःहून जमा केल्याने कलम ३ चा भंग पुसला जात नाही; पण पुढे झडतीत सापडणं आणि आज पोच घेऊन देणं, यांतला फरक जामिनाच्या वेळी आणि शिक्षेच्या वेळी न्यायाधीशाला दिसतो. बाकीच्या नऊ जणांनाही हेच लागू आहे, पण त्यांना तुम्ही सल्ला देऊ नका. प्रत्येकाने आपला वकील पाहावा. तुमचे आणि त्यांचे हितसंबंध आता एक राहिलेले नाहीत, हे ऐकायला वाईट वाटेल.

वेबसाइटवर राग काढायचा असेल तर जागा आहे. परवान्याची गरज लपवून वॉकीटॉकी विकण्याविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, आणि ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ऑर्डरचा ईमेल आणि पावती जपा. कायदा माहीत नव्हता हा बचाव होत नाही. पण विकणाऱ्यानेच माहिती दडवली होती, ही गोष्ट तुमचा हेतू काय होता ते सांगते. तक्रार मात्र आत्ता करू नका. तिच्यात तुम्ही सही करून लिहाल, 'मी बारा संच विकत घेतले'. आधी फौजदारी प्रकरणाची दिशा कळू द्या.

पुढे डोंगरात बोलायचं कसं, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा कमी शक्तीचा पट्टा परवानामुक्त आहे, आणि २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिटिझन बँडही. दोन-चार गाड्यांच्या ताफ्याला एवढं पुष्कळ होतं. पण तुमच्याकडचेच संच ४४६ वर प्रोग्राम करून काम भागेल असं समजू नका. सूट आकड्याला नाही, त्या शक्तीमर्यादेत बनलेल्या आणि मान्यता घेतलेल्या उपकरणाला आहे. व्हीएचएफच हवं असेल तर हौशी रेडिओचा परवाना घ्या. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ तुम्हाला खुलं होईल. परीक्षा कठीण नाही, मात्र बारा जणांनी बारा परवाने काढायचे. एकाच्या परवान्यावर अकरा जण बोलत नाहीत. सहली पैसे घेऊन नेत असाल तर तोही मार्ग बंद, कारण हौशी सेवा धंद्यासाठी नाही. मग दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेकडून स्वतःची फ्रिक्वेन्सी मागायची.

नोटिशीत सोमवारची तारीख आहे असं तुम्ही लिहिलंय. शनिवारच्या आत तुमच्या गावातला फौजदारी कामं करणारा वकील गाठा. सोबत नोटिशीची प्रिंट, संचांची पावती आणि तो लॅपटॉप न्या. लॅपटॉप बंद ठेवूनच न्या. फाइल आहे का हे बघायलासुद्धा उघडू नका. उघडून चुकून सेव्ह केलीत तर तिची तारीख बदलेल.