समीकरण सुटतं, शाब्दिक उदाहरणापाशी पेन थांबतं

"मॅडम, समीकरणं दिली की पटापट सोडवते. पण शाब्दिक उदाहरण आलं की पेन खाली ठेवते. हिला गणिताचं डोकंच नाही का हो?" शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की दहावीच्या पालकांकडून हा प्रश्न येऊ लागतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या बीजगणितातलं पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं आहे, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीलाच मूल अडखळतं आणि घरात 'हिचं गणित कच्चं' असा शिक्का बसतो. एकदा बसला की तो मार्चपर्यंत पुसला जात नाही.

अशाच एका मुलीबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वडील रिक्षा चालवतात, आई घरी शिवणकाम करते. आई घेऊन आली तेव्हा तक्रार पोटदुखीची होती. गणिताच्या चाचणीच्या दिवशी सकाळी हमखास पोटात दुखायचं. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. आई म्हणाली, "आमच्या घराण्यातच गणित नाही." मुलगी बाजूलाच बसून हे ऐकत होती.

मी तिच्या वह्या मागवल्या. एकसामयिक समीकरणं स्वच्छ सोडवलेली होती. निश्चयक आणि क्रेमरची पद्धत (अशी समीकरणं सोडवायची ठरीव रीत) यांत चिन्हाचीही चूक नव्हती. त्यानंतर शाब्दिक उदाहरणांचा सराव संच आला आणि पानं कोरी झाली, नाहीतर 'मानू' लिहून पुढे काहीच नाही. सगळ्याच गणिताची भीती असती तर ती आकडेमोडीतही दिसली असती. मराठीचा उताराही तिने मला अडखळता वाचून दाखवला. (मूल सगळ्याच विषयांत वाचताना अडखळत असेल, अंक उलटेसुलटे लिहीत असेल, तर मात्र अध्ययन अक्षमतेची रीतसर तपासणी करून घ्यावी. तसं निदान झालेल्या मुलांना मंडळ परीक्षेत सवलती देतं.)

मग मी तिला तोंडी एक विचारलं. "बाबांच्या गल्ल्यात पन्नासच्या आणि शंभरच्या मिळून 20 नोटा आहेत. एकूण 1400 रुपये. शंभरच्या किती?" रोज रात्री बाबांचे पैसे तीच मोजते, हे आईने बोलताबोलता सांगितलं होतं. ती क्षणभर थांबली. "सगळ्या पन्नासच्या असत्या तर हजार झाले असते. चारशे कमी पडतात. एक नोट बदलली की पन्नास वाढतात. म्हणजे आठ." आई लेकीकडे बघतच राहिली.

मी म्हटलं, "आता हेच वहीत मांड." तिने लिहिलं: x = 50 च्या नोटा, y = 100 च्या नोटा, आणि खाली x + y = 1400.

सगळं दुखणं त्या ओळीत होतं. तिच्या दृष्टीने x म्हणजे नोटा. त्या किती आहेत ते नाही आणि त्यांची रक्कम किती तेही नाही, नुसत्या नोटा. वर्गातही घाईघाईत आपण 'पेन x, वही y' असंच म्हणून जातो. मुलाच्या मनात मग ते अक्षर वस्तूचं नाव होऊन बसतं. x ही संख्या आहे, नोटांची संख्या, हे एकदा पक्कं झालं की x + y = 20 आणि 50x + 100y = 1400 ही दोन वेगळी वाक्यं दिसू लागतात: एक नोटांबद्दल, एक रुपयांबद्दल.

ही अडचण दहावीतच संपते असं नाही. संशोधक जॉन क्लेमंट यांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना 'प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत' एवढं एकच वाक्य समीकरणात मांडायला सांगितलं होतं. 37 टक्के मुलांचं चुकलं. S म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या आणि P म्हणजे प्राध्यापकांची, तर हवं होतं S = 6P; चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी 6S = P असं उलटं लिहिलं. ही मुलं अभियांत्रिकीला पोचलेली होती, हे मी प्रत्येक पालकाला आवर्जून सांगते.

आमच्या मुलीनेही तेच केलं. उदाहरण असं होतं: आईचे आजचे वय मुलीच्या वयाच्या तिपटीपेक्षा 2 ने जास्त आहे. 8 वर्षांनंतर आईचे वय मुलीच्या तेव्हाच्या वयाच्या दुपटीपेक्षा 6 ने जास्त असेल. तिने आईचं वय x, मुलीचं y मानलं आणि 3x + 2 = y लिहिलं. मी ते खोडलं नाही. तुझी आई किती वर्षांची, एवढंच विचारलं. "अडतीस." "मग x च्या जागी 38 घाल. मुलगी किती वर्षांची होते?" तिने हिशेब केला, 116 आलं, आणि ती पहिल्यांदा मोकळेपणी हसली.

त्यानंतर मी तिला x आणि y दोन्ही बाजूला ठेवायला लावले. म्हटलं, उत्तर मनानेच धर, चुकलं तरी चालेल. तिने मुलगी 10 वर्षांची धरली. मग आई 3 × 10 + 2, म्हणजे 32. आठ वर्षांनी 18 आणि 40. दुपटीपेक्षा 6 जास्त म्हणजे 42 हवे होते, 2 कमी पडले. 11 धरले तर 1 कमी. 12 धरले तर आई 38, आणि आठ वर्षांनी 20 आणि 46. बरोबर जुळलं. "आता पहिल्या ओळीत जिथे जिथे 10 धरून चाललीस, तिथे y लिही. आणि 32 च्या जागी x." तिने लिहिलं: x = 3y + 2. खाली: x + 8 = 2(y + 8) + 6. पुढचं तर तिला येतच होतं.

आई म्हणाली, "पण हे अंदाजाने काढणं परीक्षेत चालेल का?" परीक्षेत समीकरणंच मांडायची. अंदाज आहे तो वाक्याचा अर्थ हाताला लागावा म्हणून. 'मनातली संख्या धरा' ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या लीलावतीत 'इष्टकर्म' आहे: हवी ती संख्या धरायची, उदाहरणातल्या सगळ्या क्रिया तिच्यावर करायच्या आणि आलेल्या फळावरून त्रैराशिकाने खरी संख्या काढायची. आम्ही त्रैराशिकाऐवजी समीकरणाकडे वळलो, एवढाच फरक.

शिकवणीत तिला सांगितलं होतं की 'जास्त' दिसलं की अधिक, 'कमी' दिसलं की वजा. मला हा सल्ला मनापासून घातक वाटतो. 'बाबा आईपेक्षा 4 वर्षांनी जास्त वयाचे आहेत, बाबा 42 चे, तर आई किती वर्षांची?' इथे शब्द 'जास्त' आहे आणि करायची आहे वजाबाकी. शब्द हेरायची सवय लागली की मूल वाक्य वाचायचंच सोडून देतं.

पुढे तिला भास्कराचार्यांच्याच 'बीजगणित' या ग्रंथातलं एक उदाहरण दिलं. एक मित्र म्हणतो, मला 100 दे, म्हणजे माझ्याकडे तुझ्या दुप्पट होतील. दुसरा म्हणतो, तू मला 10 दे, म्हणजे माझ्याकडे तुझ्या सहापट होतील. तिने आधी लिहिलं x + 100 = 2y. मग सवयीने पहिल्याकडे 50 धरले आणि मध्येच थांबली. "त्याने शंभर दिले म्हणजे त्याचे कमी झाले ना!" y च्या जागी y − 100 आलं, दुसरं समीकरण y + 10 = 6(x − 10) झालं, उत्तरं आली 40 आणि 170. ही चूक तिची तिलाच सापडली, मला बोलावं लागलं नाही.

घरी काय करायचं, असं आईने विचारलं. मी दोन गोष्टी सांगितल्या. मूल उदाहरण घेऊन बसलं की 'x काय मानलंस?' असं लगेच विचारू नका. 'उत्तर साधारण किती येईल गं?' असं विचारा, आणि ती जे सांगेल ते उदाहरणात घालून तिलाच पडताळू द्या. आणि घराण्यात गणित नाही हे वाक्य तिच्यासमोर पुन्हा नको. वीस नोटांचा हिशेब ती मनातल्या मनात करते, तो गणितच आहे.

सहामाहीत तिने शाब्दिक उदाहरण कोरं सोडलं नाही. समीकरणं बरोबर मांडली, शेवटी एक वजाबाकी चुकली, पण पायऱ्यांचे गुण मिळाले. चाचणीच्या सकाळी पोट अजून कधीतरी दुखतं, पूर्वीइतकं नाही. होडी आणि प्रवाहाच्या वेगाची उदाहरणं तिला अजून जड जातात, कारण तिथे वेगावरून वेळ काढायची जास्तीची पायरी आहे. सध्या आम्ही त्यावरच बसलो आहोत.