छापील नक्षी रबराच्या ठोकळ्यावर कशी उतरवावी, आणि ती आधी आरशातल्यासारखी उलटी छापून घ्यावी का?

उलटी छापू नये. छापील बाजू ठोकळ्यावर पालथी ठेवली की नक्षी तिथे आपोआप उलटी उमटते, आणि कोरलेला शिक्का कागदावर मारताना ती पुन्हा सुलटी होते. अक्षरे असतील तर हे विशेष लक्षात ठेवावे. मात्र कार्बन पेपर वापरून गिरवणार असाल, तर नक्षी उलटत नसल्याने मूळ प्रत उलटीच छापून घ्यावी लागते.

प्रत लेझर प्रिंटरवरची किंवा झेरॉक्सची हवी, कारण त्यातील टोनर हा प्लॅस्टिकयुक्त भुकटीचा थर असतो आणि तो ॲसिटोनने मऊ होऊन ठोकळ्याला चिकटतो. इंकजेटची शाई या पद्धतीने उतरत नाही. कागद चिकटपट्टीने पक्का बसवावा, ॲसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये कापूस जेमतेम ओला करून कागदाच्या पाठीवर दाबावा आणि चमच्याच्या पाठीने घासावे. कापूस जास्त भिजला तर रेषा पसरतात. हे काम खिडकी उघडी ठेवून, विस्तवापासून दूर करावे. शाळेतला पांढरा खोडरबर बहुधा पीव्हीसीचा असतो आणि ॲसिटोनने चिकट होतो, म्हणून आधी कोपऱ्यावर थेंब टाकून पाहावा.

खोडरबरासाठी मला स्वतःला ट्रेसिंग पेपर आणि मऊ, २बी किंवा ४बी पेन्सिलच अधिक भरवशाची वाटते: नक्षी गिरवावी, कागद पालथा घालून नखाने घासावा, की रेषा स्वच्छ उतरते.