आधी मेडिकल, मग पेपर; बागेचा विषय सगळ्यात शेवटी

मुलगी बारावीला, ग्रुप पीसीएम (भौतिक, रसायन, गणित), पायलटच व्हायचं म्हणते. एका संस्थेने सगळं मिळून ऐंशी लाख सांगितलेत. त्यासाठी नाशिकच्या आडगावकडची द्राक्षबाग विकावी का, आणि या लायनीत अजून राम उरलाय का, असं तुम्ही विचारलंय. राम आहे. बाग मात्र आत्ता विकू नका.

मागणी खरी आहे. इंडिगोने २०२३ मध्ये एका फटक्यात ५०० विमानांची ऑर्डर दिली, एअर इंडियाने त्याच वर्षी ४७०, अकासाने २०२४ च्या सुरुवातीला १५०. ही विमानं येतील ती हप्त्याहप्त्याने, पुढची कित्येक वर्षं. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, त्यामागेही पायलटच कमी पडले होते. नव्या नियमांनी पायलटची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली आणि रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, कोलमडलं. पण तुटवडा आहे तो कॅप्टनचा. त्यासाठीचं एटीपीएल, म्हणजे एअरलाइन पायलटचं वरचं लायसन्स, मिळायला उड्डाणाचे १५०० तास लागतात. हातात नुकतं सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) घेतलेली २०० तासांची मुलं मात्र रांगेत उभी आहेत. त्यात एखादी कंपनी बसली, जसं किंगफिशर २०१२, जेट २०१९, गो फर्स्ट २०२३, की तिथले अनुभवी पायलट बाजारात येतात आणि नवख्यांची रांग आणखी मागे सरकते. खरा धोका सीपीएल आणि पहिली नोकरी यांच्या मधल्या काळात आहे. हा काळ सहा महिन्यांचाही निघतो, दोन वर्षांचाही.

म्हणून स्वस्त पायऱ्या आधी चढायच्या. पहिली क्लास टू मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची प्राथमिक वैद्यकीय तपासणी. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या सरकारी खात्याच्या) संकेतस्थळावर मान्यताप्राप्त डॉक्टरांची यादी आहे, काही हजारांत काम होतं. त्यात निभावलं की क्लास वन, ही सीपीएलसाठी लागणारी कडक तपासणी. चष्मा असला तरी चालतो, नंबर लावून नजर नीट यायला हवी. रंगांधळेपणा निघाला तर विषय बहुतेक तिथेच संपतो, आणि घरात कुणाच्या लक्षातही न आलेला असा दोष फी भरल्यावर कळलेली मुलं आहेत. संस्था ‘मेडिकल नंतर बघू’ म्हणाली तर तिथून उठा.

दुसरी पायरी, बारावीचा निकाल लागला की डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर (परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक) काढून पेपर देणं: नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल. पास व्हायला ७० टक्के लागतात. शिवाय रेडिओची आरटीआर परीक्षा. ग्राउंड क्लासला, म्हणजे या पेपरांच्या शिकवणीला, दोन-तीन लाख जातील, तेवढ्यात मुलीला हा अभ्यास झेपतो की नाही हे समजतं. पेपर खिशात घेऊन फ्लाइंगला गेलेलं मूल लवकर सुटतं. तिथे जाऊन पेपर देणारं मूल अडकतं, कारण विमान मोकळं असतं तेव्हा पुस्तक हातात असतं.

आता फ्लाइंग शाळा. जवळ म्हणाल तर धुळे, शिरपूर. पुढे बारामती, गोंदिया. ब्रोशरमध्ये विमानं किती हे विचारू नका, आज उडण्याच्या अवस्थेत किती आणि त्यावर विद्यार्थी किती हे विचारा. हिशोब सोपा आहे. एक विमान महिन्याला ८० तास उडालं आणि त्यावर दहा मुलं असली, तर वाट्याला आठ तास येतात. २०० तासांना पंचवीस महिने! त्यात जून ते सप्टेंबर ढग खाली असतात, खानदेशच्या उन्हाळ्यात दुपारी हवा इतकी विरळ आणि उसळती असते की शिकाऊ उड्डाणं सकाळ-संध्याकाळवर येतात. एखादं इंजिन ओव्हरहॉलला गेलं की वेळापत्रक गुंडाळलंच म्हणून समजा. नाइट फ्लाइंगची सोय तिथेच आहे का, मल्टी इंजिन विमान स्वतःचं आहे का, गेल्या वर्षी किती मुलांनी सीपीएल पुरं केलं, हेही विचारा. डीजीसीए आता शाळांची श्रेणी जाहीर करते, ती बघाच. पैसे कधीही एकरकमी भरायचे नाहीत. जितके तास उडाले तितकेच, आणि करारात इंधन, लँडिंग, होस्टेल, चेकची फी वेगळी लिहून घ्यायची. ऐंशी लाखांत टाइप रेटिंग, म्हणजे एका विशिष्ट मोठ्या विमानाचं प्रशिक्षण, धरलंय का तेही बघा. एअरबस ए ३२० चं किंवा बोइंग ७३७ चं रेटिंग साधारण बारा-पंधरा लाखांपासून पुढे जातं, आणि एअरलाइनचं नोकरीचं पत्र हातात नसताना ते करणं म्हणजे सासर ठरायच्या आधी हळद लावणं. घरी बसून ते शिळं होतं. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसुद्धा (बाहेरचं न दिसता उपकरणांवर उडवण्याची परवानगी) दरवर्षी नूतनीकरण मागतं, तो खर्च नोकरीची वाट बघतानाच येतो.

कर्जाचं गणित: समजा ५० लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं, हप्ता सुमारे ६७,५०० रुपये. नोकरी लागली तर हा हप्ता पेलतो, नवा फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) ढोबळमानाने महिन्याला दीड-दोन लाख आणि पुढे अधिक घेतो. नोकरी लागली नाही तर नुसतं व्याजच महिन्याला ४३,७५० होतं. माझं मत असं, की ते दोन वर्षं बाग न विकता भरण्याची ऐपत असेल तरच या वाटेला जा. गेलात तरी शिकण्याबरोबर पदवीही चालू ठेवा, बहिस्थ का होईना.

आणखी एक. मुलीला मुख्यतः उडायचंच असेल, एअरलाइनच हवी असं नसेल, तर एनडीए, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, विसरू नका. २०२२ पासून मुलींना प्रवेश आहे, परीक्षा वर्षातून दोनदा होते, फी जवळपास नाही. मुलींसाठीची शासकीय सैनिकी सेवापूर्व संस्थाही नाशकातच आहे, पण ती दहावीनंतरच्या मुलींसाठी, म्हणजे तुमच्या मुलीला आता स्वतःच तयारी करावी लागेल. वयाची मर्यादा साधारण साडेएकोणीस, त्यामुळे अर्ज बारावी चालू असतानाच भरायचा.