चाचणीच्या औषधानं भरती व्हावं लागलं, बिल कोणाचं?

घाटंजी तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आहे. वडील ६६ वर्षांचे, मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत गेलेला. नागपूरच्या एका दवाखान्यात नेहमीच्या इरिनोटेकॅन केमोसोबत कंपनीची नवी गोळी देऊन पाहायची चाचणी होती, त्यात त्यांना घेतलं. जुलाब थांबेनात म्हणून सात दिवस भरती करावं लागलं. आता ३८ हजारांचं बिल आलंय आणि काउंटरवर म्हणतात, 'जुलाब जुन्या औषधाचे आहेत, गोळीचे नाहीत. अन् तुमच्या बाबानं अंगठा देल्ला ना!'

भाऊ, बिल सध्या भरू नका.

काउंटरवाला अगदीच खोटं बोलत नाही. इरिनोटेकॅननं जुलाब होतातच. नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९ प्रमाणे चाचणीच्या औषधाच्या दुष्परिणामाची भरपाई मिळते, सोबत दिलेल्या औषधाचीही मिळते, पण रूढ उपचारातलं औषध त्यातून वगळलंय. दोन औषधं एकत्र दिली की कंपनी नेमकी हीच फट धरते. मात्र हा वाद भरपाईचा झाला, उपचाराच्या खर्चाचा नाही. चाचणीदरम्यान इजा झाली, तर डॉक्टरांच्या मते गरज आहे तोवर, किंवा इजा चाचणीमुळे नाही हे सिद्ध होईतो, उपचार फुकट द्यायची जबाबदारी कंपनीची. आणि ते सिद्ध करण्याची जागा काउंटर नव्हे. भरती व्हावं लागणं ही नियमांत 'गंभीर घटना' आहे. डॉक्टरांनी ती २४ तासांत औषध नियंत्रकांना, कंपनीला आणि नीतिमत्ता समितीला, म्हणजे चाचणीतल्या रुग्णांचं हित पाहणाऱ्या समितीला, कळवायची असते. कळवलं का, एवढं एका अर्जात विचारा. अर्ज समितीच्या नावे करा, पोच घ्या. समितीचा संपर्क संमती घेताना देतात त्या माहितीपत्रकावर असतो.

अंगठ्याचं म्हणाल, तर वाचता न येणाऱ्या माणसाची संमती घेताना चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्णवेळ हजर लागतो. तुम्ही लिहिता कागद इंग्रजीत होता अन् खोलीत फक्त नर्सबाई होत्या. हे अर्जात जरूर घाला. संमतीपत्राची प्रत मागा, त्यात वारसदाराचं नाव कोणाचं लिहिलंय तेही पाहा.

चाचणी केव्हाही सोडता येते, कारण द्यावं लागत नाही. फक्त गोळी डॉक्टरांना विचारूनच बंद करा.

'उद्या काही झालं तर?' हे तुम्ही पत्राच्या शेवटी, बारीक अक्षरात विचारलंत. मृत्यू चाचणीमुळे झाला असं ठरलं, तर ६५ च्या पुढच्या माणसासाठी सूत्राप्रमाणे रक्कम अशी येते: चाचणीत घेताना सहा महिन्यांहून जास्त आयुष्य अपेक्षित नसेल तर ४ लाख, सहा ते चोवीस महिने अपेक्षित असेल तर ८ लाख. म्हणजे पहिल्या दिवशी डॉक्टरांनी प्रकृतीबद्दल काय लिहिलं, त्यावर रक्कम दुप्पट होते किंवा निम्मी. ते पान आजच मागा. लेखी मागितल्यावर दवाखान्यानं कागदपत्रं ७२ तासांत द्यायची असतात.