“नीती आम्ही घरी शिकवलीय, मॅडम!”

जूनमध्ये ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या करिअर-समुपदेशनाच्या केबिनमध्ये बाप-लेक आले. मुलीला बारावी आर्ट्सला छान गुण होते. तिला तत्त्वज्ञान घेऊन बीए करायचं होतं, त्यातही ओढ नीतिशास्त्राकडे. बाबा बसता बसताच म्हणाले, “खोटं बोलू नये, चोरी करू नये, हे आम्ही घरी शिकवलंय. त्यासाठी कॉलेजात तीन वर्षं कशाला घालवायची?”

निकालानंतर हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. मी उत्तर द्यायच्या फंदात पडले नाही. घरात सध्या वाद कशावरून आहे, एवढंच विचारलं. मुलगी पटकन म्हणाली, “बिल्डिंगवरून!”

बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. इमारत जुनी, पुनर्विकासाला निघालेली. चोवीसपैकी बावीस घरं तयार, तळमजल्यावरचे आजी-आजोबा आणि आणखी एक कुटुंब नाही. आजोबांचं म्हणणं, “तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची, आणि परत यायला आम्ही असू का?” बाबांचा हिशेब सरळ होता : संमती लागते ५१ टक्के, आमच्याकडे कितीतरी जास्त. लेकीचा प्रश्न होता, “नियमात बसतं म्हणजे बरोबर असतं का?”

म्हटलं, अहो, हिचा अभ्यास तर घरीच सुरू झालाय.

बेंथम आणि मिल या तत्त्वज्ञांच्या वाटेने गेलं तर जास्तीत जास्त लोकांचं सुख मोजायचं. बावीस घरांची गळती थांबणार, लिफ्ट येणार. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ साली मांडलं की माणसाला केवळ साधन म्हणून कधीच वापरू नये. मग आजोबा म्हणजे बावीस घरांच्या वाटेतला नुसता अडथळा कसे? बाबा उसळले, “म्हणजे दोन घरांसाठी बाकीच्यांनी स्लॅब डोक्यावर पडायची वाट बघायची?”

मला हसू आलं. हाच आक्षेप विद्यार्थ्यांना नीट मांडावा लागतो. तुम्ही कुणाची बाजू घेता याला गुण नसतात. समोरच्याचं म्हणणं त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडता येतं का आणि मग आपलं कारण टिकतं का, हे बघतात. (घरगुती भांडणात आपण नेमकं उलटं करतो. मीही करते.) अमेरिकन तत्त्वज्ञ रॉल्सने १९७१ मध्ये सुचवलेली युक्तीही सांगितली : आपण कोण असणार हे माहीत नाही, असं धरून नियम ठरवायचा. तिसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरी, की तळमजल्यावरचे ऐंशीचे आजोबा?

बाबा गप्प झाले. मग खरी काळजी बाहेर आली, “पण नोकरी?”

खोटी आशा लावली नाही. पदवी हातात पडताच ठरलेली नोकरी मिळेल, असा हा विषय नाही. प्राध्यापक व्हायचं तर एमए आणि नेट ही पात्रता परीक्षा. कायद्याकडे वळता येतं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आहे, पण तेवढ्यासाठी हा विषय घेऊ नका, असंही सांगितलं. अभ्यासक्रम दोघांनी मिळून वाचा, एखाद्या तासाला बसता येतं का विचारा, लोकलचा वेळ मोजा. निर्णय मी दिला नाही.

तिने प्रवेश घेतला. ऑगस्टमध्ये बाबांचा फोन आला. फीबद्दल असेल असं वाटलं. “मॅडम, आजोबांना त्याच गल्लीत, लिफ्टच्या इमारतीत भाड्याचं घर देऊ, असं बिल्डरकडून लिहून घेतलं. आमच्या कन्या म्हणतात, दुसऱ्या कुटुंबाचं काय?”

आजोबांनी अजून सही केलेली नाही.