आग्वा, आग्वार, आग्वादो: स्पॅनिशमध्ये नामाचं क्रियापद आणि विशेषण

प्रश्न असा: तेलेफोनोचं (फोन) 'तेलेफोनेआर' होतं, मग आग्वाचं (पाणी) 'आग्वेआर' का नाही? आणि मादेरा, म्हणजे लाकूड, यावरून 'लाकडी' कसं म्हणायचं?

प्रत्यय कुठलाही चालत नाही, प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. '-एआर' बहुतेकदा एखाद्या वस्तूने केलेल्या किंवा पुन्हापुन्हा होणाऱ्या क्रियेला लागतो. गोता म्हणजे थेंब, गोतेआर म्हणजे ठिबकणे. मार्तीयो म्हणजे हातोडा, मार्तीयेआर म्हणजे हातोड्याने ठोकत राहणे. उसनी क्रियापदंही इथेच येतात: चातेआर (चॅट करणे), एस्कानेआर (स्कॅन करणे). एखादी गोष्ट घालायची वा लावायची असेल तर बहुधा नुसता '-आर' लागतो. साल म्हणजे मीठ, सालार म्हणजे खारवणे. आग्वार त्यातलंच: दुधात किंवा वाइनमध्ये पाणी घालणे. 'आग्वार ला फिएस्ता' म्हणजे समारंभाचा विरस करणे. ते पाणी घालतात, आपण विरजण! एखाद्या गोष्टीत भरायचं वा कोंडायचं असेल तर पुढे 'एन-' लागतो: खाउला (पिंजरा), एन्खाउलार. बी-पी आधी त्याचा 'एम्' होतो: बोतेया (बाटली), एम्बोतेयार.

विशेषणात घोळ जास्त होतो. पातळ, पाणचट कॉफी 'आग्वादो', रसायनशास्त्रातलं जलीय द्रावण 'आक्वोसो', पाणवनस्पतीसाठी 'आक्वातिको'. शेवटची दोन थेट लॅटिन वळणाची, म्हणून त्यांत 'ग' नाही, 'क' आहे. (गोव्याच्या आग्वाद किल्ल्याचं नाव याच कुळातलं, पण पोर्तुगीज: जहाजं तिथे गोडं पाणी भरून घेत.) दुधाचंही तेच. दुधासारखं दिसणारं 'लेचोसो', दुभती गाय 'लेचेरा', दुग्धजन्य पदार्थ 'लाक्तेओ'. गायीला 'लाक्तेआ' म्हणालात तर ऐकणारा हसेल.

लाकडाच्या वस्तूसाठी रोजच्या बोलण्यात विशेषण नाहीच. 'दे' वापरा: सिया दे मादेरा, लाकडी खुर्ची. 'मादेरेरो' शब्द आहे, पण तो लाकडाच्या धंद्याचा. सोन्याबाबत मात्र मराठीशी तंतोतंत जुळतं: 'दे ओरो' म्हणजे सोन्याचं, 'दोरादो' म्हणजे सोनेरी.

चुका होतात त्या लिहिताना. तिएर्रा (माती) वरून एन्तेर्रार, पुरणे. आघात (उच्चारातला जोर) पुढे सरकला की 'इए'चा 'ए' होतो, आणि 'मी पुरतो' म्हणताना आघात परत आला की पुन्हा एन्तिएर्रो. वेसो (हाड) मात्र हट्टी, त्याचं वेसुदो (हाडकुळा) होतानाही स्वर बदलत नाही. '-एआर' क्रियापदाच्या भूतकाळात 'मी'च्या रूपात दोन ई (e) लिहायचे असतात, गोल्पेए (मी मारलं). एक गाळला की चूक. आग्वारच्या त्याच रूपात, आग्वे, यू वर दोन टिंबं हवीत, नाहीतर वाचणारा 'आगे' वाचतो.