सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं, असा मानसिक आजार) सुरू होण्याआधी माणूस मित्रांत मिसळणारा असेल, तर पुढे त्याची प्रकृती चांगली राहते का?

सरासरीने पाहिलं तर हो, पण एकट्या माणसाचं भविष्य त्यावरून सांगता येत नाही. संशोधनात हे मोजायला बहुतेकदा १९८२ साली आलेली ‘प्रीमॉर्बिड अ‍ॅडजस्टमेंट स्केल’ ही आजाराआधीचं जुळवून घेणं तपासणारी मोजपट्टी वापरतात. बालपण, किशोरवयाचे दोन टप्पे आणि प्रौढपण अशा वयोगटांत मिसळणं, मैत्री, शाळेतली प्रगती, शाळेशी जुळवून घेणं हे त्यात वेगवेगळं तपासतात. आजाराच्या अगदी आधीचा काळ मुद्दाम वगळतात, कारण तेव्हाचं एकलकोंडेपण ही आजाराचीच सुरुवात असू शकते. घरचे लोक नेमके इथेच गोंधळतात: ‘तो आधीपासूनच अबोल’ म्हणजे दहा वर्षांपासून की गेल्या सहा महिन्यांपासून, हे डॉक्टरांना नीट सांगा.

लहानपणापासून मैत्रीत अडचण असलेल्यांमध्ये पुढे उत्साह आटणं, भावना चेहऱ्यावर न उमटणं अशी लक्षणं आणि नाती टिकवण्याचा त्रास जास्त आढळतो. शाळेतल्या अडचणींचा संबंध त्यापेक्षा स्मरणशक्ती-एकाग्रतेशी अधिक दिसतो.

मात्र नोकरी, नाती सांभाळता येणं आणि स्वतःला बरं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बरं वाटण्यावर नैराश्याचा परिणाम मोठा असतो, आणि त्यावर उपचार होतात. गेलेलं बालपण बदलत नाही. पहिल्या लक्षणांपासून उपचारापर्यंतचा वेळ मात्र कमी करता येतो, आणि तो कमी असेल तर परिणाम सहसा चांगले दिसतात.